पेशीच्या दारावरची पाटी

मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकले की सालं सैल होतात. चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी पुढे सटकते आणि साल बोटांत राहतं. ठाण्यातल्या एका घरात रविवारी सकाळी दोघी जणी मध्ये परात घेऊन हेच करत बसल्या होत्या. बोलणं मात्र चाललं होतं कर्करोगाच्या पेशीच्या सालीबद्दल.

त्यांतली एक पॅथॉलॉजिस्ट. गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून अहवाल लिहिण्यात तिची बावीस वर्षं गेली आहेत. दुसरी तिची धाकटी नणंद, पुण्याहून आलेली, जीवरसायनशास्त्राची. प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांवर तिनं उमेदीची वर्षं घातली आहेत. या लेखापुरत्या त्या वहिनी आणि नणंद अशाच राहू देत.

वाद त्या दोघींपुरता नाही, कर्करोगाच्या विज्ञानातही तो जुनाच आहे. पेशीच्या बाहेरच्या पटलावर शेकडो प्रकारची प्रथिनं असतात. काही बाहेरून आलेला निरोप आत पोचवतात, काही शेजारच्या पेशीला धरून ठेवतात, आणि कित्येक चक्क एन्झाइमं असतात, म्हणजे तिथल्या तिथे रेणू कापतात, जोडतात, बदलतात. पेशी कर्करोगाची झाली की यांतली काही प्रथिनं भरमसाट वाढतात. त्यांना धरून औषध करायचं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पुढे फाटे फुटतात. ते प्रथिन जे काम करतं ते बंद पाडायचं? की कामाच्या फंदात न पडता, दारावरची पाटी वाचावी तसं त्या प्रथिनावरून घर ओळखायचं आणि आत विष पोचवायचं?

नणंद कामाच्या बाजूची. वहिनी पाटीच्या.

नणंदेनं सुरुवात केली ती बेडकाच्या पिल्लापासून. "पिल्लाला शेपूट असतं, बेडकाला नसतं. मग शेपूट जातं कुठे? १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर या दोघांनी हा प्रश्न मनावर घेतला. शेपटीत कोलॅजेन असतं, दोरखंडासारखं चिवट. प्राण्यांच्या शरीरात ते कापणारं एन्झाइम तोवर कुणाला सापडलं नव्हतं. या दोघांनी शेपटीचे जिवंत तुकडे कोलॅजेनच्या थरावर ठेवले, तर तुकड्यांभोवतीचा थर विरघळून गेला. त्या घराण्यातलं ते पहिलं एन्झाइम. माणसात आज त्याची तेवीस भावंडं माहीत आहेत."

या घराण्याचं नाव मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, बोलताना एमएमपी. प्रत्येकाच्या पोटात जस्ताचा एक अणू असतो, त्याच्याशिवाय कात्री चालत नाही. बहुतेक भावंडं पेशीबाहेर सोडली जातात, पण काही पटलात रुतून बसतात. त्यांतलं सर्वांत नावाजलेलं १९९४ साली जपानमध्ये हिरोशी सातो आणि मोतोहारु सेइकी यांच्या गटानं शोधलं. ते स्वतः कोलॅजेन कापतंच, शिवाय दुसऱ्या एका भावंडाचं म्यान काढून त्यालाही कामाला लावतं. पसरणारी कर्करोगाची पेशी खालच्या थरात पायासारखे बारीक फुगवटे रोवते आणि नेमकी तिथेच हे एन्झाइम गोळा करते.

"वहिनी, माणूस दगावतो तो बहुतेक वेळा पहिल्या गाठीनं नाही, ती पसरल्यानं. पसरायचं तर वाट कापावी लागते. वाट कापणारी कात्री पेशीच्या अंगावर लटकलेली दिसते आहे. तिला हात घालायचा नाही तर कशाला घालायचा?"

"घातला होता की," वहिनी म्हणाल्या. "नव्वदच्या दशकात. मॅरिमास्टॅट आठवतं ना?"

नणंदेला ते आठवत नसतं तरच नवल. ब्रिटिश बायोटेक या कंपनीची ही गोळी त्या काळात मोठ्या आशेचा विषय होती. ती जस्ताच्या अणूला पकडून कात्री अडकवत असे. प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठी आटोक्यात राहिल्या. माणसांवरच्या चाचण्यांत रुग्णांचे खांदे आखडले, हातांचे सांधे दुखायला लागले, डोस कमी करावे लागले, आणि आयुष्य काही वाढलं नाही. बायर कंपनीच्या टॅनोमास्टॅट या औषधाची गत आणखी वाईट. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात औषध घेणाऱ्यांची अवस्था खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा खालावली आणि चाचणी थांबवावी लागली. २००२ साली लिसा कूसन्स, बार्बरा फिंगलटन आणि लिन मॅट्रिशियन यांनी 'सायन्स' नियतकालिकात या सगळ्या अपयशाचा सविस्तर हिशेब मांडला.

"ही कात्री शरीरानं काही कर्करोगासाठी ठेवलेली नाही," वहिनी सांगत होत्या. "हाडं वाढायला ती लागते, जखम भरायला लागते. पटलातल्या त्या तुझ्या लाडक्या एन्झाइमाचं जनुक काढून टाकलेले उंदीर १९९९ साली तयार केले होते. खुजे राहिले, सांधे सुजले, अकाली मेले. काम बंद पाडायचं म्हणजे सगळीकडचं बंद पडतं. म्हणून मी म्हणते, कामाला हात लावू नका. फक्त पत्ता बघा."

इथे नणंद थोडी दुखावली. तिच्या पिढीतल्या कितीतरी संशोधकांचं काम त्या चाचण्यांनंतर आटलं, निधी दुसरीकडे वळला. पण तिचं उत्तर भावनेचं नव्हतं. "तेव्हा आम्ही काय केलं माहीत आहे का? जस्त पकडणारं औषध दिलं. जस्त तेवीसही भावंडांत. म्हणजे एकाला दोषी धरून सगळ्या घराला कुलूप लावलं. आणि त्यातलं एक तर आपल्या बाजूचं निघालं. एमएमपी-८ नसलेल्या उंदरांना कातडीच्या गाठी जास्त होतात, हे २००३ साली स्पेनमधल्या कार्लोस लोपेझ-ओटिन यांच्या गटानं दाखवलं. शिवाय औषध दिलं कुणाला? ज्यांचा कर्करोग आधीच सगळीकडे पसरला होता त्यांना. वाट कापून झाल्यावर कात्री काढून घेतली. वहिनी, तो कामाच्या विचाराचा पराभव नव्हता. काम पुरतं न समजता घाई केली त्याचा होता."

"रुग्णाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच."

"रुग्णाच्या दृष्टीनं हो. पुढच्या रुग्णाच्या दृष्टीनं नाही."

हे उत्तर महत्त्वाचं आहे. कर्करोगाच्या औषधांचा इतिहास वाचताना अपयशी चाचणीचा निकाल लक्षात राहतो, कारण विसरलं जातं, आणि मग तीच चूक नव्या नावानं होते.

वहिनींची पाळी आली तेव्हा त्यांनी प्रोस्टेटचं उदाहरण काढलं. १९८७ साली एका प्रतिपिंडाच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या मदतीनं प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींवर एक प्रथिन सापडलं. त्याचं नाव पडलं पीएसएमए. नावात 'प्रोस्टेटपुरतं' असा अर्थ आहे, पण तो खरा नाही. लाळग्रंथी, मूत्रपिंड, लहान आतडं, मेंदू, इतक्या ठिकाणी ते असतं. आणि तेही एन्झाइमच आहे. पालक, अळू, मेथी अशा पालेभाज्यांतलं फोलेट ग्लुटामेटच्या शेपटीसकट येतं, ती शेपटी छाटल्याशिवाय ते आतड्यात शोषलं जात नाही. छाटणी करतं हेच एन्झाइम. मेंदूत ते वेगळाच रेणू कापतं. प्रोस्टेटच्या गाठीत त्याची मात्रा एवढी का वाढते आणि पेशीला त्याचा नेमका काय फायदा, यावर मात्र अजून मतं वेगवेगळी आहेत.

"आणि त्यावाचून काही अडलं का?" वहिनींचा प्रश्न. "त्या पाटीवर बरोबर चिकटणारा एक छोटा रेणू केला, त्याला ल्युटेशियम-१७७ जोडलं. रक्तातून तो फिरतो, पाटी दिसली की चिकटतो, पेशी त्याला आत ओढून घेते. ल्युटेशियमचे बीटा किरण जेमतेम दोन मिलिमीटर जातात, म्हणजे घर पेटतं पण गल्ली वाचते. ८३१ रुग्णांची चाचणी झाली. सगळे उपचार थकलेले पुरुष. नेहमीच्या उपचारांवर मध्यम आयुर्मान ११.३ महिने होतं, हे औषध जोडल्यावर १५.३. अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये मान्यता मिळाली."

मुंबईकरांनी हे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. ल्युटेशियम-१७७ तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'ध्रुव' अणुभट्टीत तयार होतं, आणि याच केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात १९६३ पासून चालू आहे. या किरणोत्सारी औषधाचं अर्धायुष्य साडेसहा दिवसांच्या आसपास असतं, ते साठवून ठेवता येत नाही. अणुभट्टी आणि रुग्णाची खाट एकाच शहरात असणं ही छोटी गोष्ट नाही.

नणंदेनं वाल सोलायचे थांबवले. "एक विचारू? तो छोटा रेणू पाटीवर चिकटतो म्हणजे नेमका कुठे?"

वहिनी गप्प.

"एन्झाइमाच्या खाचेत. जिथे ग्लुटामेट बसतं आणि कापलं जातं, तिथेच. त्या रेणूचं एक टोक ग्लुटामेटसारखंच घडवलंय. हे एन्झाइम काय कापतं, कसं कापतं, याचा अभ्यास मेंदूवर काम करणाऱ्या रसायनतज्ज्ञांनी केला, ते बंद पाडणारे रेणू बनवले, आणि त्याच रेणूंवरून पुढे तुमची पाटी वाचणारं औषध आलं. काम माहीत नसतं तर किल्ली घडली नसती, वहिनी."

या मुद्द्यावर नणंदेची बाजू बळकट आहे, आणि वहिनींनीही ते मोकळेपणानं मान्य केलं. वर स्वतःहून भर घातली, की लाळग्रंथींतही तेच प्रथिन असल्यामुळे या उपचारानंतर कित्येकांचं तोंड कोरडं पडतं, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. पाटी एकाच दारावर नसते, तिथे असंच होणार.

परात निम्मी भरली होती. वहिनींनी हात पुसून फोन काढला आणि एका जुन्या स्लाइडचं चित्र समोर धरलं.

निळसर ठिपके म्हणजे पेशींची केंद्रकं. प्रत्येक ठिपक्याभोवती गडद तपकिरी कडं, कुठेही न तुटलेलं, शेजारच्या कड्याला टेकलेलं. सगळं मिळून कुंपणाच्या जाळीसारखं दिसतं. हा स्तनाच्या कर्करोगाचा काप आणि तपकिरी रंग हर-टू या प्रथिनाचा. हर-टूला चिकटणारी अँटिबॉडी कापावर सोडतात, तिच्यामागे एक एन्झाइम लावलेलं असतं, मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिश नावाच्या मुळातून काढलेलं. ते रंगद्रव्याचं तपकिरी दाण्यांत रूपांतर करतं. जिथे हर-टू तिथे तपकिरी. दहा टक्क्यांहून जास्त पेशींना असं पूर्ण आणि गडद कडं असेल तर अहवालात 'थ्री प्लस' लिहायचं. कडं फिकं किंवा अर्धवट असेल तर 'टू प्लस', आणि मग जनुकाच्या प्रती मोजणारी फिश ही तपासणी. त्याखाली 'वन प्लस' आणि शून्य.

"ही माझी रोजची भाकरी," वहिनी म्हणाल्या. "साध्या पेशीवर हर-टूचे वीसेक हजार रेणू असतात. अशा पेशीवर वीस लाखांपर्यंत जातात."

हर-टूची गोष्ट दोन्ही बाजूंना आपली वाटते, आणि तसं वाटण्याला आधार आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मज्जापेशींच्या गाठीत एक जनुक सापडलं. माणसातलं त्याचं रूप म्हणजे हर-टू. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठी तपासल्या. सुमारे तीस टक्के गाठींत या जनुकाच्या जादा प्रती होत्या, आणि त्या बायकांचा आजार लवकर उलटत होता. पुढच्या मोठ्या अभ्यासांत हे प्रमाण पंधरा ते वीस टक्क्यांवर स्थिरावलं.

हर-टूचं बाहेरचं अंग पेशीबाहेर डोकावतं, आतलं अंग एन्झाइम असतं. दोन रेणू एकमेकांशी जुळले की आतलं एन्झाइम फॉस्फेट चिकटवायला लागतं आणि पेशीला 'वाढ, विभाग' असा निरोप जातो. याच्या इतर भावंडांना जुळण्यासाठी बाहेरून कुणीतरी यावं लागतं. हर-टूला तसं कुणी लागत नाही, ते कायम हात पुढे करून उभं. मग त्यांची गर्दी झाली की निरोपाचा भडिमार होणारच.

बाहेरच्या अंगावर बसणारी अँटिबॉडी, ट्रास्टुझुमॅब, सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. २००५ साली सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे निकाल आले, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. हे औषध येण्याआधी 'हर-टू पॉझिटिव्ह' हे शब्द लिहिताना पॅथॉलॉजिस्टचा हात जड व्हायचा. वहिनींनी ते दिवस पाहिलेले नाहीत, पण त्यांच्या शिक्षकांनी पाहिले होते.

"बघा," नणंद म्हणाली, "काम बंद पाडलं म्हणून गुण आला."

"काम बंद पडलं हे खरं, पण तेवढंच नाही. २००० साली एक प्रयोग झाला. ज्या उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींना अँटिबॉडीचा मागचा दांडा पकडता येत नव्हता, त्यांच्यात ट्रास्टुझुमॅबचा बराचसा परिणाम गेला. म्हणजे अँटिबॉडी ही निशाणी होती, त्या निशाणीवरून शरीराचे शिपाई येऊन पेशी मारत होते."

"आणि लॅपॅटिनिब? ती गोळी बाहेर कुठे चिकटत नाही, निशाणीबिशाणी काही नाही. आतलं एन्झाइम तेवढं अडवते. तिचाही गुण येतोच ना?"

येतो. २००७ साली ती मान्य झाली आणि अजून वापरात आहे. कुणा एकीचं म्हणणं पूर्ण खोडून काढता येत नाही, ते इथे.

मग निघाला हृदयाचा विषय. ट्रास्टुझुमॅबच्या पहिल्या मोठ्या चाचणीत, ज्यांना ॲन्थ्रासायक्लिन गटाची केमो आणि हे औषध एकत्र दिलं त्यांच्यातल्या २७ टक्के बायकांच्या हृदयावर परिणाम दिसला. नुसत्या केमोवर तो ८ टक्के होता. चाचणी आखताना हा त्रास कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. हर-टू हृदयाच्या स्नायूतही असतं आणि तिथे त्याला काम असतं. हर-टूविना वाढवलेले उंदराचे गर्भ हृदय नीट न घडल्यामुळे पोटातच मरतात, हे १९९५ साली 'नेचर'मध्ये छापून आलं होतं. "पत्ता बघणाऱ्यांनी कामाची चौकशी केली असती तर," एवढंच म्हणून नणंदेनं वाक्य सोडून दिलं. आज हे औषध चालू असलेल्या बाईला साधारण दर तीन महिन्यांनी टू-डी एको करावा लागतो. तो का, हे तिला कुणीतरी समजावून सांगायला हवं.

याहून जड गोष्ट वहिनींनीच सांगितली. त्या आपल्या बाजूचं दुबळेपण लपवणाऱ्यांतल्या नाहीत. २०१० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक अनुभव प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या एका रुग्णाच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक टी-पेशी काढून त्यांना हर-टू ओळखायला शिकवलं, आणि अशा दहा अब्ज पेशी परत शिरेतून सोडल्या. पंधरा मिनिटांत श्वास लागला. पाचव्या दिवशी मृत्यू. फुप्फुसाच्या पेशींवर हर-टू अगदी थोडं असतं, स्लाइडवर जाणवणारही नाही इतकं. टी-पेशींना तेवढं पुरलं.

"अँटिबॉडीला वीस हजार आणि वीस लाख यांतला फरक कळतो," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "टी-पेशीला कळला नाही."

थोडा वेळ नुसता सालांचा आवाज.

नणंदेनं पुढचा धागा उचलला तो रक्ताच्या कर्करोगाचा. बी-पेशींच्या अंगावरच्या सीडी-१९ या प्रथिनावर टी-पेशी सोडायचा उपचार आता भारतातही आहे. पवईच्या आयआयटीत घडलेल्या आणि टाटा मेमोरियलमध्ये चाचण्या झालेल्या 'नेक्सकार-१९'ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तो देशाला मिळाला. परदेशात याच जातीच्या उपचाराला कोट्यवधी रुपये पडतात, इथला खर्च त्याच्या जवळजवळ दहाव्या हिश्शावर आला. निरोगी बी-पेशीही यात मरतात, पण त्यांच्यावाचून माणूस काही काळ निभावून नेतो. म्हणून हा पत्ता चालला.

"चालला, पण किती दिवस?" नणंदेचा प्रश्न. "मुलांच्या ल्युकेमियात या उपचारानंतर आजार उलटला आणि पेशी तपासल्या, तेव्हा बहुतेकांच्या पेशींवर सीडी-१९ नव्हतंच. पेशीनं पाटी उतरवून ठेवली. तिला त्या पाटीवाचून जगता येत होतं, म्हणून उतरवता आली. वहिनी, ज्या प्रथिनाच्या कामावर पेशीचा जीव टांगलेला असतो, ते ती सहजासहजी टाकू शकत नाही. नुसता पत्ता आणि जीव अडकलेला पत्ता, यांत हाच फरक."

सगळ्या सकाळच्या बोलण्यात याहून नेमकं वाक्य दुसरं नव्हतं. पृष्ठभागावरचं प्रथिन निवडताना दोन प्रश्न विचारायला हवेत: ते आणखी कुठे कुठे आहे, आणि कर्करोगाच्या पेशीला ते टाकून देता येईल का? पहिला प्रश्न वहिनींच्या धंद्यातला, दुसरा नणंदेच्या. मॅरिमास्टॅटच्या वेळी पहिला विचारायचा राहिला, सीडी-१९च्या वेळी दुसऱ्याचं उत्तर उशिरा कळलं.

पाटी कुठे कुठे आहे याची एक वेगळीच प्रचीती रक्तपेढीत येते. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर सीडी-३८ नावाचं एन्झाइम खच्चून भरलेलं असतं. त्याच्यावरची डाराट्युमुमॅब ही अँटिबॉडी २०१५च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मान्य झाली आणि अनेकांना तिनं वर्षं दिली. पण सीडी-३८ तांबड्या पेशींवरही थोडंसं असतं. या रुग्णाला रक्त द्यायची वेळ आली की त्याच्या रक्तातली अँटिबॉडी तपासणीच्या प्रत्येक नमुन्यातल्या तांबड्या पेशींना चिकटते आणि एकही पिशवी जुळत नाही असं दिसतं. मग तंत्रज्ञ नमुन्यातल्या पेशींना डीटीटी नावाचं रसायन लावून सीडी-३८चा आकार मोडतात आणि पुन्हा जुळवणी करतात. रुग्णाच्या नातेवाइकांनी रक्तपेढीला 'हे औषध चालू आहे' एवढं आधी सांगितलं तरी कितीतरी तास वाचतात.

जेवणाची वेळ होत आली तसा वाद पुन्हा हर-टूवर आला, कारण गेल्या काही वर्षांत तिथलं चित्रच पालटलं आहे. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान हे नवं औषध म्हणजे तीच जुनी अँटिबॉडी, तिच्या पाठीवर केमोच्या विषाचे सुमारे आठ रेणू बांधलेले. २०२२च्या जूनमध्ये शिकागोच्या कर्करोग परिषदेत त्याचे निकाल वाचले गेले तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. चाचणीत ५५७ रुग्ण होते आणि ते 'थ्री प्लस'वाले नव्हतेच. 'वन प्लस', किंवा 'टू प्लस' पण फिश निगेटिव्ह, म्हणजे ज्यांना तोवर सरळ निगेटिव्ह म्हटलं जात होतं ते. नेहमीच्या केमोवर मध्यम आयुर्मान १६.८ महिने, नव्या औषधावर २३.४.

"या पेशींत हर-टूचं काम फारसं नसतंच," वहिनींच्या आवाजात उत्साह होता. "त्यांची वाढ त्याच्यावर अवलंबून नाही. तरी औषध लागू पडलं. नुसत्या पाटीवर! अगं, स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण निम्म्या बायका या गटात येतात."

"आणि विष सुटतं कशानं?" नणंदेनं हसून विचारलं. "अँटिबॉडी आणि विष यांच्यामधली दोरी पेशीच्या आत गेल्यावर कॅथेप्सिन कापतं. माझ्याच जातीचं एन्झाइम. ते कापेपर्यंत तुमचं पार्सल बंदच."

वहिनीही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. या औषधानं फुप्फुसांना सूज येऊ शकते आणि ती जीवावर बेतू शकते. किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. जुलै २०२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यावरचं सीमाशुल्क माफ झालं, तरीही. जुन्या ट्रास्टुझुमॅबच्या भारतीय आवृत्त्या २०१४पासून आल्या म्हणून ते औषध जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचलं. नव्याला अजून तो रस्ता चालायचा आहे.

"पण मला झोप लागू देत नाही ती दुसरीच गोष्ट. आधी शून्य आणि वन प्लस यांत फरक केला काय, न केला काय, औषध तेच. आता त्या एका फिकट रेघेवर औषध ठरतं. आणि ती रेघ दिसते की नाही, हे ठरतं ऑपरेशननंतरच्या पहिल्या तासात."

मग त्यांनी जे सांगितलं ते प्रयोगशाळेबाहेर फारसं कुणी सांगत नाही. काढलेली गाठ तासाभराच्या आत दहा टक्क्यांच्या फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी. गाठीच्या दसपट तरी फॉर्मॅलिन हवं. गाठ मोठी असेल तर तिला छेद द्यायला हवेत, नाहीतर मधला भाग तसाच सडतो. सहा तासांपेक्षा कमी नाही आणि बहात्तरपेक्षा जास्त नाही, एवढा वेळ ती त्यात राहायला हवी. वहिनींकडे मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या गाठी आल्या आहेत, अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेल्या आल्या आहेत, शुक्रवारी निघून मंगळवारी पोचलेल्या आल्या आहेत. अशा कापावर तपकिरी कडं फिकं पडतं किंवा दिसतच नाही. प्रथिन पेशीवर होतं, बाईच्या अंगात होतं, अहवालात मात्र शून्य लिहिलं जातं.

नणंद म्हणाली, "म्हणजे आपण दोघी ज्या रेणूवर सकाळपासून भांडतोय, तो बरणीतच मरतो."

"रोज."

वाल सोलून झाले होते. वहिनींनी सालं कागदावर काढली आणि दुपारच्या कामाला लागण्याआधी नणंदेला एक गोष्ट लिहायला सांगितली, तिच्या पुण्यातल्या लेखांमध्ये कुठेतरी. तीच इथे लिहितो आहोत. घरातल्या कुणाची गाठ काढणार असतील, तर ऑपरेशनच्या आधीच विचारा की फॉर्मॅलिनची मोठी बरणी तयार आहे का, आणि गाठ कधी व कुठे जाणार. अहवाल आला की त्यात फक्त 'निगेटिव्ह' नाही, तर शून्य, वन प्लस, टू प्लस यांपैकी काय ते लिहून मागा. आणि मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ब्लॉक कुठे ठेवले आहेत ते लिहून घ्या, लागले तर अर्ज करून परत मागा. नीट ठेवलेला ब्लॉक कित्येक वर्षं तपासता येतो, आणि आज ज्याच्यावर औषध नाही त्या पाटीवर उद्या औषध निघालं तर डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील.